भिंतीकडचं स्टूल

१४ ऑक्टोबर, सोमवार

माझं स्टूल गेलं.

पंचवीस वर्षं इर्माबाईंच्या बारमध्ये काउंटरच्या डाव्या टोकाला, भिंतीला खांदा लावून मी सकाळची कॉफी घेतली. माझं लग्न एवढं टिकलं नाही. चार महापौर आले-गेले, लिरा जाऊन युरो आला, स्टूल जागचं हललं नाही. आज बघतो तर तिथे बाईंचा मुलगा इव्हानो! मी आपला मध्ये उभा, येणाऱ्या-जाणाऱ्यांची कोपरं खात.

म्हणाल्या, यापुढे तो तिथेच बसेल. "तुमचं काय मास्तर, तुम्हाला बसायला कुठे जागा लागते? टोचायला लागते."

मास्तर, कारण सोमवारच्या पेपरात मी खेळाडूंना दहापैकी गुण देतो. प्रत्येकापुढे एक ओळ. सहा म्हणजे पास. कालच्या सामन्याचे इव्हानोला साडेचार दिले — 'डावीकडून चार बॉल आले. चारांनाही त्याने अदबीने रस्ता दिला.'

कॉफी कोमट. बाईंकडे कॉफीचं तापमान मुलाच्या गुणांवर ठरतं. साताला जीभ भाजते.

१५ ऑक्टोबर

स्टुलाविना दुसरा दिवस. कोटावर कुणाच्या तरी दुधाचा फेस.

२१ ऑक्टोबर, सोमवार

पुन्हा साडेचार. पुन्हा कोमट.

हाच का तो, असं वाटतं. सतराव्या वर्षी या नदीकाठच्या धुक्यातून उठला, मिलानला गेला, मग रोमला. दोनशेच्या वर गोल. देशाच्या निळ्या शर्टात एकसष्ट सामने. डावीकडून बॉल हवेत निघाला की हा सगळ्यांच्या आधी तिथे हजर — दूधवाला यायच्या आधी मांजर दारात असतं तसा. आता छत्तीस पूर्ण. शेवटचं एक वर्ष घरच्या क्लबात खेळायचं म्हणून परत आलाय.

कॉफीच्या मशीनशेजारी त्याचा निळ्या शर्टातला फोटो आहे. त्याखाली, फ्रेममध्ये, त्याच्या पहिल्या सामन्याचं माझं कात्रण. '५. दिसला नाही.' गाव आठवडाभर हसलं होतं. बाईंनी हसणं संपल्यावर फ्रेम केली.

खरं काय ते इथे लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार? त्या दिवशी धुकं असं होतं की मलाच पलीकडचं अर्धं मैदान दिसत नव्हतं. एकुलता एक गोल पलीकडेच झाला. पास या पोराचा होता, हे मला चार दिवसांनी गोलकीपरने सांगितलं. दुरुस्ती छापली नाही. मास्तर चुकला की वर्ग डोक्यावर बसतो. एकोणीस वर्षं झाली.

४ नोव्हेंबर, सोमवार

चार दिले. संपादक तार्चीझियो खूश. म्हणाला, वाचक हल्ली सगळ्यात आधी तुझी ओळ वाचतात. मग खुर्ची जवळ ओढून — दारू आहे, बाई आहे, काय बिघडलंय त्याचं ते काढ, पहिलं पान तुझं.

तीस वर्षांत पहिलं पान मला एकदा मिळालंय, आणि तेही 'आतल्या पानावर पाहा' एवढंच.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

मिळालं पहिलं पान भरेल असं काहीतरी. नको होतं.

सकाळी नदीच्या बांधावर सायकल हातात धरून चाललो होतो. पुढे इव्हानो उभा, पाण्याकडे बघत. मी त्याच्या डाव्या खांद्याशी जाऊन थांबलो. हातभर अंतर. त्याला पत्ताच नाही. "इव्हानो," म्हटलं, तर असा दचकला की जणू मार खाल्लेलं कुत्रं. आणि मला बघायला त्याने अख्खी मान फिरवली.

किती दिवस झाले, एवढंच विचारलं.

काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेला. उजवा थेंबांवर टिकेल म्हणतात. बापाचंही हेच झालं होतं, ते गावाला माहीत आहे — शेवटची अकरा वर्षं बाईंनी नवऱ्याला हाताला धरून फिरवलं. मी विचारलं, क्लबच्या डॉक्टरला कसं कळलं नाही? तर म्हणे डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता पाठ केलाय, शाळेत एक कविता झाली नाही तेवढा पाठ.

मग म्हणाला, "तुम्ही चार द्या, तीन द्या. म्हातारा झाला लिहा, माजला लिहा. डोळा लिहू नका."

"आणि खेळताना दुसऱ्या डोळ्याला लागलं तर?"

"मे महिन्यापर्यंत, मास्तर. आईला आणखी एक हात धरायला लावू नका."

मी हो म्हणालो. का, ते अजून कळलेलं नाही.

८ डिसेंबर, रविवार

डावीकडून एका बचावपटूचं कोपर आलं. स्टेडियममधल्या प्रत्येकाला दिसलं, ज्याला लागलं तो सोडून. भुवईवर पाच टाके. डावी भुवई. उजवी असती तर?

मी पेन खाली ठेवलं होतं. मग उचललं. '४. नाताळ लांब आहे, पण त्या रात्रीच्या, भोपळा भरलेल्या तोर्तेल्ली आत्ताच पोटात गेलेल्या दिसतात.'

९ डिसेंबर

कॉफी थंडगार. प्यायलो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

काल माझ्या ओळीचं गाणं झालं. डावीकडून बॉल उचलला गेला की अख्खा उत्तरेकडचा स्टँड ओरडतो — "रस्ता दे! रस्ता दे!" आणि तो बिचारा देतो. शिट्ट्या, हशा. शेजारच्या वार्ताहराने माझं अभिनंदन केलं. लेखकाला याहून मोठं काय हवं?

दुपारी तार्चीझियोने विचारलं, बोलोन्याला कुठल्याशा दवाखान्यात तो दिसला म्हणतात, तुला काही ठाऊक आहे?

"आळशी आहे," म्हटलं. "आळसावर बोलोन्यात औषध नाही."

तीस वर्षं लोकांना खरं बोलून दुखावलं. खोटं बोलून दुखावायची ही पहिलीच वेळ. जमतंय. हेच भयंकर.

१८ मे, रविवार

संपलं.

शेवटची अकरा मिनिटं त्याला आत सोडला. डावीकडे आमच्या विंगरने बॉल उचलला. स्टँड सुरू — "रस्ता दे!" आणि त्या आवाजासरशी इव्हानो पळाला. बॉलकडे तोंडसुद्धा नाही. ओरडणं टिपेला पोचलं तिथे त्याने उडी घेतली, जुन्या दिवसांसारखी, सगळ्यांच्या आधी. डोकं लागलं. बॉल आडव्या दांडीवर आपटून बाहेर गेला.

मग सगळे उभे राहिले. शिट्टी नाही, गाणं नाही. नुसते उभे.

बाहेर येताना माझ्याजवळ थांबला. "तुमच्या ओळीवर उडी मारली," म्हणाला. "तुम्ही सगळे कधी ओरडता ते फेब्रुवारीपासून मोजतोय."

स्वतःच्या पायांवर गेला.

पंधरा मिनिटांपेक्षा कमी खेळणाऱ्याला गुण द्यायचे नाहीत, असा नियम आहे. नावापुढे रेघ ओढली. एक ओळही सुचली नाही.

१९ मे, सोमवार

सकाळी बार रिकामा. मी सवयीने भिंतीकडे वळलो. आता तरी स्टूल माझं!

"तिथे नको," इर्माबाई म्हणाल्या. "डावीकडून कुणी आलं की दचकतो तो. तिथे नुसती भिंत आहे."

मी स्टुलावरचा हात काढला.

"तुमच्या आधी त्याचा बाप बसायचा तिथे. त्याचंही डावीकडूनच सुरू झालं होतं. पोराला सांगू नका, मला माहीत नाही असं वाटू दे त्याला." मग कप पुसत म्हणाल्या, "तुम्हाला गरम दिली असती तर मला माहीत आहे हे त्याला कळलं असतं."

आणि त्या दूध आणायला आत गेल्या.

मी मशीनशेजारची फ्रेम उतरवली. मागचे खिळे वाकवले, कात्रण बाहेर काढलं. पाचावर काट मारली, शेजारी साडेसहा लिहिले, खाली सही केली. फ्रेम होती तिथे टांगली. सरळ आहे का ते पाहिलं.

आणि मध्ये जाऊन उभा राहिलो.