सात नंबरच्या मेंढ्याचा बाप

११ जुलै
नाही म्हणजे नाही. यंदा झेरॉक्सचे कागद टाचून गिऱ्हाइकांच्या हातात द्यायचे नाहीत. सकाळी चहा ओततानाच बाबांना सांगून टाकलं — सप्टेंबरच्या मेंढेविक्रीला खराखुरा कॅटलॉग. रंगीत. आणि तो मी करणार.
"लोक मेंढे न्यायला येतात, रॉझ, कागद नाही."
"येण्याआधी ते कागदच बघतात, बाबा."
चहाचा कप उचलून शेडकडे गेले. म्हणजे हो.

१४ जुलै
साठ मेंढे. प्रत्येकाचा नंबर, आई-बाप, वजन, लोकरीचा बारीकपणा. बाबांच्या वहीतून उतरवून काढतेय. त्यांचं अक्षर म्हणजे ओल्या मातीतून कळप गेल्यासारखं! मेंढ्यांच्या कानाचे टिकलीएवढे तुकडे डीएनए तपासणीला पाठवले. आई-बापांची खात्री छापता आली तर बरं.
बाबांना लागलं ते. "चाळीस वर्षं माझ्या वहीवर भागलं."
भागलं, खरंच. पण आता गिऱ्हाईक पुरावा मागतं.

१९ जुलै
पहाटेपासून फोटो. मेंढ्याला चारही पाय सारखे ठेवून उभं करणं म्हणजे काय असतं ते एखाद्या फोटोग्राफरला विचारा. सात नंबर मात्र आला, मान वर केली, उभा राहिला. लोकर अशी की बोटं आत गेली की परत काढावीशी वाटत नाहीत. मुखपृष्ठावर तोच.
बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "गव्हर्नरचं रक्त. सांगावं लागत नाही." गव्हर्नर म्हणजे आमचा सगळ्यात मोठा पैदाशीचा मेंढा. निम्मा कळप त्याचाच.

२ ऑगस्ट
डबो शहरातल्या छापखान्यात गेले. छापखाना चालवणाऱ्या ग्लेनिसने प्रूफ समोर ठेवलं. तिने लोकर धुतल्यासारखी पांढरीशुभ्र केलेली. म्हटलं, घालव ते. टोकांना आमच्या मातीची लाली असते, ती दिसली पाहिजे. ती नसली तर आमची गिऱ्हाइकं हसतील. अक्षरंही मोठी करून घेतली — वाचणारे साठीचे आहेत.
"तुला काय हवंय ते तुला पक्कं माहीत असतं बाई," ग्लेनिस म्हणाली.
असतं.

९ ऑगस्ट
आले. पाचशे. बत्तीस पानं, शाईचा वास. बाबांनी शेडमध्ये उभ्याउभ्याच वाचला, मागून पुढे. मग एक प्रत कोटाच्या खिशात घालून गावात गेले.

१३ ऑगस्ट
डीएनएचा अहवाल आला. मी उतावीळ. त्याआधीच छापून बसले.
एकोणसाठ बरोबर. सात नंबर चूक. त्याचा बाप गव्हर्नर नाही. आमच्यातला कुणीच नाही.
बाबांनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "गेल्या वर्षीचं वादळ." फेब्रुवारीत झाड पडून कुंपण आडवं झालं होतं. शेजारच्या अल्बी ट्रेथोवनचा मेंढा दोन रात्री आमच्या माद्यांत होता. बाबांनी तो परत हाकलून दिला आणि वहीत काहीच लिहिलं नाही.
अल्बी! एकोणीस वर्षांपूर्वी प्रदर्शनात परीक्षक होते. बाबांच्या मेंढ्याला दुसरा नंबर दिला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही.
"कुणाला कळणार आहे?" बाबा म्हणाले.
"मला कळलंय."
जेवले नाहीत.

१४ ऑगस्ट
मी अल्बीकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी कॅटलॉग घेऊन मुखपृष्ठ खिडकीच्या उजेडात धरलं. मला वाटलं, आता ओरडतील.
"हा माझ्या बिशपचा पोरगा," म्हणाले. "कानापासून शेपटीपर्यंत. तपासणी कसली करतेस?"
तरी बिशपच्या कानाचा तुकडा दिला. त्यांनी स्वतः कधी कॅटलॉग काढला नाही. चारचौघं येतात, मेंढा पसंत करतात, घेऊन जातात. निघताना म्हणाले, "नाव नीट लिही. बिशप, ट्रेथोवनांचा. आणि तुझ्या बापाला मोठ्याने वाचायला लाव."

२४ ऑगस्ट
बिशपच.

२५ ऑगस्ट
ग्लेनिसने दुपारपर्यंत चिठ्ठ्या छापून दिल्या. आडवळणाने लिहिलं नाही: 'नंबर सातच्या बापाचं नाव चुकलं आहे. त्याचा बाप बिशप, ट्रेथोवनांचा. चूक आमची.'
स्वयंपाकघरात बसून कॅटलॉगांत चिकटवायला घेतल्या. साठएक झाल्या असतील, बाबा येऊन समोर बसले. डिंकाची बाटली ओढून घेतली. चिकटवायला लागले. त्यांच्या चिठ्ठ्या माझ्यापेक्षा सरळ बसत होत्या.

१२ सप्टेंबर
विक्री. शेड भरलेली. इतकी माणसं गेल्या दहा वर्षांत पाहिली नाहीत. प्रत्येकाच्या हातात कॅटलॉग, पानांवर पेन्सिलीच्या खुणा! सहाव्यापर्यंत लिलाव सुरळीत. सातवा आत आणला, तसे बाबाच पुढे झाले. लिलाववाल्याला थांबवलं.
"ह्याचा बाप माझा नाही," म्हणाले. "शेजारच्या ट्रेथोवनांचा बिशप. माझं कुंपण पडलं होतं आणि मी वहीत लिहिलं नाही. बाकी मेंढा समोर आहे. बघा."
सगळ्या माना मेंढ्याकडे वळल्या. मग कुणीतरी मागून म्हणालं, "कुंपण दरवर्षी पाडत जा मग." सगळी शेड हसली.
दिवसातली सगळ्यात मोठी बोली त्याच्यावर लागली. बाकीचेही सगळे गेले, एक परत नेला नाही.
अल्बी दाराशी होते. आमच्या शेडमध्ये, एकोणीस वर्षांनी. बाबांजवळ आले. म्हणाले, "ह्याला पहिला नंबर दिला असता."
"बापाला बघून दिला असतास," बाबा म्हणाले. हसू आवरत होते. आवरलं नाही.

१५ सप्टेंबर
अल्बी आले. टोपी हातात. मार्चमध्ये सगळा कळप विकताहेत, जमीनही. ऐंशी झाली, मुलीकडे जाणार. "जन्मात छापला नाही. हा एक कॅटलॉग छापायचाय. तू करशील?" मी हो म्हटलं. बाबा पाठमोरे कप धूत होते. मान न वळवता म्हणाले, "रॉझ, पन्नास पानांपेक्षा कमी करू नकोस."