वरवर घेतलेला नमुना

लॅबच्या प्रमुखसाहेबांस,

तुमच्या लॅबने माझा रिपोर्ट निगेटिव्ह दिला. मला ताप होता म्हणून चार दिवस मी दादाच्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. माझ्या या थोरल्या भावाची फुप्फुसं आधीच अधू. रिपोर्ट हातात पडताच मास्क काढला आणि त्याला भरवायला बसले. नेहमीसारखा चिडवत म्हणाला, "आलात का, हेडबाई? चार दिवस किती शांतता होती!"

आठवड्याच्या आत आम्ही दोघंही पॉझिटिव्ह निघालो. काल दादा गेला.

नमुना नीट घेतला नाही, तर आजार असूनही निगेटिव्ह येतं, हे तुमच्या छापील कागदावर कुठेही नव्हतं. लाज वाटायला हवी तुम्हाला!

आता उरलेलं सांगते. नमुना घेणारी तुमच्या लॅबमधली मुलगी म्हणाली होती, "आजी, काडी अजून आत जायला हवी." मी खेकसले, "मी तुझी आजी नाही. आणि हे नाक आहे, विहीर नव्हे." तिने काडी तशीच काढून घेतली. "ताप राहिला तर परवा पुन्हा तपासून घ्या," एवढंच म्हणाली. ताप राहिला होता. पण कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या मला तोंडी सांगण्यापेक्षा छापलेलं ते खरं वाटतं, आणि मला दादाकडे जायचं होतं.

हे पत्र पोचलं तर तुम्ही तिला जाब विचाराल. ती मला उलटून बोलली नाही, तुम्हालाही बोलणार नाही. नोकरी जाईल तिची, आणि दादा काही परत यायचा नाही.

म्हणून हे टपालात पडणार नाही.

त्याची धाकटी बहीण