प्रार्थनेची चिठ्ठी

देगलूर
सोमवार, १० फेब्रुवारी २०२५

चि. पुनमला सिंधुमावशीचा सप्रेम सलाम.

लातुरात तू बरी असशील. शाळेत तुझ्या परीक्षांची धावपळ सुरू झाली असेल. इकडे थंडी सरली. चर्चच्या पत्र्यावर वानरं पुन्हा यायला लागलीत. माझं रविवारचं टेबल चालू आहे. उपासना सुटली की दाराजवळ बीपीचं मशीन मांडायचं, साखर बघायची, गोळ्या कोण चुकवतंय ते विचारायचं. भोकरच्या दवाखान्यातून रिटायर झाल्यावर मंडळीनं हे काम दिलं, त्याला सहा वर्षं झाली. काल शेषेराव बाही वर सारत म्हणाले, "सिस्टर, प्रवचन लई लांबलं, तेवढे धा पॉइंट वजा करा." सगळे हसले. पण रांगेत चारच माणसं होती. पूर्वी वीस-पंचवीस असायची.

फोन केला नाही. तू मधेच "मावशी" म्हटलं असतंस आणि मी विषय बदलला असता.

तुझ्या आईच्या गाठीबद्दल लिहायचं आहे. साधं गळू होतं, बसलं, असं तिनं तुला सांगितलंय. ते बसलेलं नाही. ऑक्टोबरात तिनं मला दाखवलं तेव्हा गाठ सुपारीएवढी होती. डाव्या बाजूला, न दुखणारी, न हलणारी. मी तिथंच म्हटलं, लातूरला जाऊन तपासून घेऊ.

"हाव, जाऊ की," ती म्हणाली. "पुनमचं ठरू दे आधी. आईला असलं काही हाय म्हणल्यावर कोण सोयरीक करतंय? अन् तिला न्हाई सांगायचं. कुणालाच न्हाई." बायबलवर माझा हात ठेवून घेतला.

नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. दर रविवारी मी विचारायची, दर रविवारी ती म्हणायची, "लई घाई बाई तुला." जानेवारीत गाठ लिंबाएवढी लागली हाताला.

आपल्या मंडळीची पद्धत तुला ठाऊक आहे. आजारी माणसांची नावं मी चिठ्ठीवर लिहून देते, पाळकसाहेब ती वेदीवरून वाचतात आणि सगळे प्रार्थना करतात. विचारल्याशिवाय नाव लिहायचं नाही आणि आजार तर कधीच लिहायचा नाही, हा नियम माझाच. बारा जानेवारीच्या चिठ्ठीत तुझ्या आईचं नाव होतं आणि पुढे "स्तनात गाठ" असं लिहिलेलं होतं. पाळकसाहेबांनी होतं तसं वाचलं. तुझ्या होणाऱ्या सासूची बहीण तिसऱ्या बाकावर बसली होती.

आठवड्यात उदगीरहून नकार आला. मुलाला नोकरीवाली नको झाली, असं आईनं तुला सांगितलं. ते खरं नाही, पुनम. तुझ्यात काही कमी नव्हतं.

नकार आला त्या दुपारी तुझी आई माझ्या दारात उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "सिंधु, तू सिस्टर हायस का दवंडी?" मी म्हटलं, घाईत हात पुढे गेला, नुसतं नाव लिहायचं होतं. पाळकसाहेबांनाही तेच सांगितलं. पुढच्या रविवारी त्या बिचाऱ्यांनी सगळ्यांसमोर माफी मागितली, वाचणाऱ्यानं पाहायला हवं होतं म्हणाले. मी मान खाली घालून बसले.

हात पुढे गेला नव्हता. शनिवारी संध्याकाळी मी ती ओळ लिहिली, खोडली, मग नवा कागद घेऊन पुन्हा लिहिली. वाटलं, सगळ्यांनी ऐकलं की लपवायला काही उरणार नाही. बायका मागे लागतील, ती सोमवारी गाडीत बसेल. भोकरला तीस वर्षं मी हेच केलं. घाबरवून, रागावून, नवऱ्याच्या कानावर घालून कितीजणींना वेळेत डॉक्टरपुढे उभं केलं. त्याचा मला अभिमान होता. उदगीरच्या लोकांचं मनात आलं नाही, असं आधी लिहिणार होते. आलं होतं. जीव राहिला तर स्थळं पुष्कळ, असं मीच ठरवून टाकलं.

आता ती कुठेच जायला तयार नाही. "कशापायी जाऊ? ज्याच्यासाठी लपवलं ते तर गेलं," असं शेजारच्या कोंडाबाईला म्हणाली. चर्चलाही येत नाही. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा आतूनच आवाज आला, "जाय माय, तुझ्या आवाजानंच बीपी वाढून राहिलं माझं."

गाठ कसली आहे, हे तपासल्याशिवाय कुणीच सांगू शकत नाही. साधीही निघेल. पण चार महिने झालेत. गुरुवारी, वीस तारखेला, सकाळी अकराची वेळ लातूरच्या डॉक्टरांकडे घेतली आहे. पत्ता आणि माझ्या नोंदी सोबत ठेवल्यात. शनिवारी ये आणि तिला तुझ्याकडे घेऊन जा.

पाळकसाहेबांना काल खरं सांगितलं. येत्या रविवारी मी मंडळीपुढे उभी राहणार आहे. टेबलाचं काय करायचं ते मंडळी ठरवेल.

आई विचारेल, तुला कुणी सांगितलं. कोंडाबाईचं नाव घेऊ नकोस, माझं घे. मला शिव्या देईल, देऊ दे. शिव्या देत देत का होईना, तिला गाडीत बसव.

तुझ्या आईला दिलेला शब्द आज दुसऱ्यांदा मोडणारी,
सिंधु