बापाच्या खांद्याइतकं पाणी

बा, तुले सांगायचं म्हणून कधीचं मनात घोळून राह्यलं होतं. आज सांभार निवडून झाला, कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन सून देवळीच्या बाजारात गेली, तर मी नातीच्या वहीतला कागद काढून बसली. माझं शिक्षण तुले माहीतच आहे, दुसरी पास, तेही तू मास्तरांच्या हातापाया पडला म्हणून. काना-मात्रा चुकला तर समजून घेजो.

आपल्या वावरावरून रस्ता गेला, बा. बाजूनं नाई, वरून! तू म्हणशील, बुढी सरकली. पण नाल्याच्या अलीकडून तर पार पलीकडच्या बैलगाडीच्या पांदणीपर्यंत खांबच खांब, त्याच्यावर रस्ता, न रस्त्यावर गाड्या अशा पळतात का माझी मान वळेपर्यंत गायब. त्याले टोलनाका आहे, चढायचं तर इतकं लांब फिरून जावं लागते का तेवढ्यात आमची एसटी देवळीले पोचते. वरून साहेबलोक जातात, खाली मी वांगे तोडते. कोणाचं कोणाले काही अडत नाई.

आधी असं ठरलं नव्हतं. पहिल्या नकाशात इथं मातीचा भराव होता, आपल्या घरांपेक्षा उंच, न नाल्यासाठी खाली सिमेंटचे दोन नळ. मोजणीले एक इंजिनिअर पोरगी आली, डोक्यावर पिवळी टोपी. तिनं पारावर नकाशा पसरला न विचारलं, "इथं सगळ्यात मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर होतं?" भराव म्हणजे धरणच झालं. पाणी अडलं का फिरून आपल्याच चुलीत.

पाटील म्हणे, "पूर? या नाल्याले? मॅडम, यात म्हैस बसली तर पाठ कोरडी राह्यते." सारे हसले. काऊन खोटं बोलले, ठाऊक आहे? पुराचं गाव असं कागदावर चढलं का पोरी कोण देईल! पाटलाच्या घरी तवा दोन पोरं लग्नाची होती.

मले राह्यवलं नाई. "माझ्या बापाच्या खांद्याले लागलं होतं पाणी," मी म्हटलं.

"काकू, तुमी तवा पाळण्यात होत्या!" पाटील म्हणे.

"पाळण्यात नाई, बापाच्या मानेवर होती. न तुमचे बाबा छपरावर बसून बोंबलत होते, तेही सांगू काय मॅडमले?"

आठवते काय, बा? मी सात वर्षांची आहे. वावरातल्या झोपडीतून तू मले मानेवर घेऊन निघाला आहेस. नाला काठ सोडून पसरला आहे, वावराच्या बांधाचा धुरा पाण्याखाली गेला आहे, न तू पायानं चाचपत धुऱ्यावरूनच चालला आहेस. "बोलत राह्य," तू म्हणतोस, "म्हणजे मले समजते तू वर आहेस." मी बोलत राह्यली. बकरीचं, मास्तरांचं, मायच्या भाकरीचं. तवापासून माझं तोंड बंदच नाई.

पोरगीनं विचारलं, "आजी, तुमचे वडील किती उंच होते?" आता तुझा फोटो तर एकही नाई. मी माझ्या धाकट्या पोराले हाक मारली. तो हुबेहूब तू, तुझी पैरण त्याले मापानं शिवल्यासारखी बसते. त्याच धुऱ्यावर नेऊन त्याले उभा केला. तिनं त्याच्या बाजूले आकड्यांची पट्टी धरली, एकानं तिपाईवरच्या दुर्बिणीतून पाह्यलं.

"माय, लवकर कर वो, सारे हसून राह्यले."

"हलू नको. आज तू माझा बाप आहेस."

ती पोरगी नाई हसली. तिनं लिहून घेतलं. मग पलीकडच्या गावातही विचारलं, जुन्या विहिरीवरची पाण्याची रेघ पाह्यली. सारं जुळलं. दुसऱ्या खेपेले आली तर नकाशात भराव गेलेला, खांब आलेले. म्हणाली, "आजी, पाण्याला जागा सोडली."

मग काय काय पाह्यलं, बा! आपली काळी माती पावसात फुगते न उन्हात भेगाळते, तिच्यावर त्यांचा भरवसा नाई. मशीननं खडक लागेपर्यंत भोकं पाडली. आपल्या विहिरीले मुरूम लागला तवा तू नारळ फोडला होता, यांनी दर खांबाले फोडला असता तर बाजारात नारळ उरला नसता. न एक दिवस क्रेननं सिमेंटची तुळई उचलली. आपल्या गल्लीएवढी लांब, या टोकाच्या घरापासून त्या टोकाच्या मारुतीपर्यंत! वर बसलेला मजूर नुसता दोन बोटं हलवे, न ती तेवढीच सरके. झोपलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तशी अलगद ठेवली. मी खुरपं टाकून हात जोडले. कोणाले जोडले, मलेच समजलं नाई.

आता तीन पावसाळे झाले. पाणी येते, खांबाच्या घोट्याले लागते न निघून जाते. पाटील उंच खांबांकडे पाहून टोमणा मारते, "काकू, तुमचा बाप ताडाएवढा होता काय वो?" मी हसते. गाव कोरडं आहे, पाटलाच्या दोन्ही सुनाही आल्या, अजून काय पाह्यजे.

हा कागद पेटीतच ठेवीन. सुनेनं वाचला तर मले घराबाहेर काढील. कारण दर वर्षी नाला भरला का मी छत्री घेऊन त्या धुऱ्यावरच्या खांबापाशी जाते, सारे म्हणतात बुढीले पुराचं भेव आहे, न मी मनातल्या मनात म्हणत राह्यते, चढ न अजून, एकदाच चढ, माझ्या बापाच्या खांद्यापर्यंत, पाह्यू दे साऱ्यायले. यंदाचे वांगे गेले तरी चालतील.