गिअरबॉक्स पुन्हा खाली

७ नोव्हेंबर

चढावर गाडीने मान टाकली. इंजिन बोंबलतंय आणि चाकं ढिम्म. मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला. जळका वास असा की डोळ्यांतून पाणी. ट्रक निघून गेल्यावर गाडी तशीच उताराने मागे घेत कडेला लावली, ड्रेसिंगची पेटी उचलली आणि उरलेला चढ चालत गेले. वर राहणारे आजोबा माझे पेशंट; त्यांच्या पायाची जखम साखरेची, एक दिवसही चुकवून चालत नाही. मला धापा टाकताना बघून म्हणाले, "पाय माझा सडलाय, लंगडताय तुम्ही!"

गॅरेजवाला फोनवरच म्हणाला, क्लच गेला. एवढी जुनी डिझेल गाडी, सगळा गिअरबॉक्स उतरवावा लागणार, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यापर्यंत मी काय खांद्यावर पेटी घेऊन गावभर हिंडू?

दादाला फोन करून रडगाणं गायले. तो म्हणाला, "मी येतो. घरीच टाकू." कारखान्यातली मोठमोठी मशिनं दुरुस्त करणारा माणूस, त्याला क्लच म्हणजे डाव्या हातचा मळ. जीव भांड्यात पडला.

९ नोव्हेंबर

दादा आला. दोन दिवसांच्या कामाला एवढी मोठी बॅग? "रजा शिल्लक होती," म्हणाला. गालफडं बसलीत. वहिनीचं विचारलं तर "बरी आहे." बास.

१० नोव्हेंबर

शेजाऱ्याच्या टेम्पोने गाडी ओढून शेडमध्ये आणली. दादाने पुढचा भाग जॅकने उचलला, खाली लोखंडी घोड्या लावल्या, चाकं काढली. गिअरचं ऑइल घमेल्यात काढलं — काळं, डांबरासारखं. मग आम्ही दोघं पाठीवर, गाडीखाली. "हळू. हळू. छोटे, बोटं आत घालू नकोस." हे तो सारखं सारखं म्हणत होता. बोटं, बोटं! मी काय कुक्कुलं बाळ आहे?

गिअरबॉक्स खाली आला. जुनी प्लेट दाखवली त्याने. झिजून झिजून नखाएवढी पातळ उरलेली, रिव्हेट वर आलेले. म्हणाला, "बघ, हे दिसतं तरी. झिजलेलं दिसतं." कुणाशी बोलत होता कोण जाणे.

१२ नोव्हेंबर

नवी प्लेट बसली. बरोबर मधोमध यावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा आत शिरत नाही. दादाने ती अशी बसवली की बघत राहावं. संध्याकाळी गिअरबॉक्सही वर चढला. जेवताना मी म्हटलं, उद्या मी गाडीने जाणार. त्याने ताट बाजूला सारलं. पानातलं अर्धं तसंच.

१३ नोव्हेंबर

सकाळी चहा घेऊन शेडमध्ये गेले तर गिअरबॉक्स खाली.

"एक बोल्ट राहिला असेल असं वाटलं."

राहिला होता?

"नाही."

बसने गेले. दोन घरी उशिरा पोचले, दोन्हीकडे बोलणी खाल्ली.

१४ नोव्हेंबर

वर चढवला. ऑइल भरलं. चाकं लावली. मी हात धुवून येते तोवर त्याने चाकं पुन्हा काढायला घेतलेली.

१५ नोव्हेंबर

पुन्हा खाली.

१६ नोव्हेंबर

बसस्टॉपवर उभी असताना वहिनीचा फोन आला. "ताई, ते तुमच्याकडे नीट आहेत ना? झोपतात का?" मी म्हटलं, वहिनी, काय झालंय ते आधी सांगा. माझी बस आली आणि गेली.

कारखान्यात पत्रा दाबायचा प्रेस आहे. तो दादाने दुरुस्त करून चालवायला दिला. दुसऱ्याच दिवशी तो थांबायचा तिथे थांबला नाही. चालवणारा माणूस आत ओढला गेला. हात गेला, डोक्याला मार, तेव्हापासून बेशुद्ध. चौकशीत निघालं की आतली एक स्प्रिंग मधोमध चिरली होती, ती चीर बाहेरून कुणालाच दिसली नसती. वहिनी म्हणाल्या, "ताई, चौकशीतून सुटलेत ते. स्वतःच्या मनातून सुटत नाहीत." तेव्हापासून दादा कामावर गेलेलाच नाही. घरातला पंखा, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळं खोलून ठेवलंय. लावतो, परत खोलतो. गॅसची शेगडी खोलली तेव्हा वहिनींनी मुलीला माहेरी पोचवलं.

आणि मी त्याला म्हटलं, ये, माझी गाडी खोल!

१७ नोव्हेंबर

त्याला म्हटलं, वहिनींनी सांगितलं मला. तो फडक्याने एकच बोल्ट पुसत राहिला. मग म्हणाला, "मी हाताने दाबून बघितली होती ती स्प्रिंग. या हाताने." हात पुढे केला, जणू मला त्यात काही दिसणार होतं. हात कापत होता. मी नर्स. कापणारा हात बघितला की धरायचा, एवढं येतं मला. धरला. पुढे काय करायचं ते सुचेना.

डॉक्टरांकडे चल म्हटलं. "गाडी झाल्यावर," म्हणतो.

१८ नोव्हेंबर

बोल्ट खोलायचे सगळे पाने कपाटात घालून कुलूप लावलं. थोड्या वेळाने बघते तर दादा शेडमध्ये उकिडवा बसून प्रत्येक बोल्ट बोटांनी चाचपत होता. नखांतून रक्त. मीच कपाट उघडलं, पाने दिले, बोटांना पट्ट्या बांधल्या. पट्ट्या बांधून होताच तो परत गाडीखाली.

माझं शहाणपण इथपर्यंतच.

२० नोव्हेंबर

आजोबांची जखम आज बरी दिसली नाही. कडा काळपट. बसच्या भानगडीत मधले दोन दिवस मी संध्याकाळी पोचले होते. त्यांनी तक्रार केली नाही, उलट सुनेला म्हणाले, "बाईंना पाणी दे आधी." मेल्याहून मेल्यासारखं झालं.

२२ नोव्हेंबर

आजचं सगळं आजच लिहून ठेवते.

सकाळी आजोबांच्या सुनेचा फोन. ताप चढलाय, बरळतायत, पाय घोट्यापर्यंत सुजलाय. रुग्णवाहिका मागवलीय, ती दुसरीकडे अडकलीय म्हणे. शेडमध्ये धावले. गिअरबॉक्स वर होता, चाकं लावलेली, गाडी जमिनीवर. दादा जॅक ओढत पुढे चाललेला, परत उचलायला.

मी आत बसले, गाडी सुरू केली. तो आडवा आला, बॉनेटवर दोन्ही हात टेकून.

"छोटे, उतर. मी अजून बघितलं नाही."

"किती वेळा बघशील?"

"एकदाच. एकदाच बघू दे."

"आजोबा थांबणार नाहीत तोवर."

"तुला काही झालं तर?"

मी ओरडणार होते. त्याऐवजी रडायलाच आलं. स्टिअरिंगवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडले. दुसरं काहीच करता येत नव्हतं मला. त्याला बाजूला ढकलता येत नव्हतं, त्याच्या डोक्यातला तो प्रेस बंद करता येत नव्हता, चालत जाऊन आजोबांना उचलून आणता येत नव्हतं.

दार उघडलं. दादा म्हणाला, "सरक."

दातओठ खाऊन चालवत होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. प्रत्येक गिअरला कान देऊन ऐकायचा. चढाला आलो तेव्हा मी डोळे मिटले. गाडी चढली. अशी चढली की कळलंसुद्धा नाही. आजोबांना दोघांनी उचलून मागच्या सीटवर घातलं. तापातही ते विचारत होते, "ड्रायव्हर नवीन का?"

हॉस्पिटलच्या आवारात दादाने इंजिन बंद केलं. आजोबांना स्ट्रेचरवरून आत नेलं तरी तो पट्टा न काढता तसाच बसून होता.

२३ नोव्हेंबर

आजोबांची दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. दादाला सांगितलं. त्याने मान हलवली आणि पानातलं सगळं जेवला.

२४ नोव्हेंबर

गिअरबॉक्स वरच आहे. शेडकडे मी तीनदा डोकावले.

दादा वहिनीशी फोनवर बोलला. हवापाण्याचं. पण बोलला.

२६ नोव्हेंबर

वहिनीचा फोन दुपारी आला, माझ्या नंबरवर. कारखान्यातला तो माणूस पहाटे गेला. दादा तेव्हा गाडी धूत होता, शीळ घालत. लहानपणापासून त्याला शीळ धड येत नाही, नुसती हवा. मी फोन हातात धरून दारात उभी. सांगितलं.

त्याने फडकं पिळलं, दोरीवर टाकलं. म्हणाला, "त्याच्या घरी जायला हवं. येतेस?"

निघालोय. दादा चालवतोय, मी शेजारी. रस्ता वाईट आहे, अक्षर हलतंय. तिथे कोण दार उघडेल आणि काय म्हणेल, ते दोघांनाही माहीत नाही. अजून अर्धा रस्ता बाकी आहे.