थांब म्हणणारं प्रथिन

१२ ऑगस्ट २००६, बाभुळगाव

आज पुन्हा तेच! अंगणात चार बाया बसलेल्या, अन् सासूबाई त्यांना सांगून राहिल्या — "पोटुशी असताना फवारणीच्या दिवसांत पऱ्हाटीत गेली. म्हनून सुगत असा झाला." अहो, कापसाच्या त्या वावरात धाडलं कोणी मला? तुम्हीच ना! यंदा पावसानं पीक हातचं गेलं, त्याचाही राग माझ्यावरच.

सुगत सहा वर्षांचा. नजरेला नजर देत नाही, हात झटकत राहतो, दिवसभर एकच शब्द. आणि त्याचा बाप, राजदीप — चपला घालून बाहेर!

२२ सप्टेंबर

नागपूरला गेलो. सुगतच्या रक्ताचा रिपोर्ट मिळाला. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पेशीत प्रथिनं बनतात ती आरएनएनं आणलेल्या निरोपावरून. मेंदूत एक प्रथिन त्या निरोपालाच धरून ठेवतं — थांब, आत्ता नको बनवू. वेळ आली की सोडतं. सुगतच्या शरीरात नेमकं तेच बनत नाही. थांब म्हणायला कोणीच नाही! मग नको तेव्हा, नको तेवढी प्रथिनं बनतात अन् मेंदूतल्या जोडण्या बिघडतात.

"फवारणीचा काही संबंध नाही. हे जीनमधलं आहे. आईकडून आलेलं."

पहिलं वाक्य ऐकून रडूच आलं. दुसरं नंतर कळलं.

२३ सप्टेंबर

राजदीपनं घरी तोंड उघडलंच नाही. मीच सांगितलं, सगळं. सासूबाई म्हणाल्या, "मंग तुह्या माहेरचंच निघालं ना!"

ताट आपटलं मी. पहिल्यांदा.

१ ऑक्टोबर

माहेरी आले, दारव्ह्याला. बाबांवर ओरडले. "आपल्या खानदानात असं कोणीच नाही, सांगत फिरला ना तुम्ही?" बाबा चहा पीत होते. हल्ली हात थरथरतात त्यांचे. निम्मा चहा धोतरावर. लोक म्हणतात, देवराव पितो. कधी थेंब घेतला नाही त्यांनी!

डॉक्टरीणबाईंनी विचारलंच होतं, वडिलांचे हात कापतात का? हाच बिघाड असला तर उतारवयात तसं होतं, म्हणाल्या होत्या. ते सांगितलं. बाबांनी कप खाली ठेवला.

मग म्हणाले, "माह्यं रक्त घ्याले सांग."

४ नोव्हेंबर

धाकटी बहीण शीला सासरहून आली. मला घट्ट मिठी मारली — "ताई, मले दिवस गेले!" आईनं तिची दृष्ट काढली.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंचा फोन. बाबांच्या रक्तात तोच बिघाड आहे, लहान स्वरूपात. असा बाप तो बिघाड आपल्या प्रत्येक मुलीला देतो, म्हणाल्या.

फोन ठेवला. आतून शीला विचारून राहिली, "कोनाचा फोन होता, ताई?"