दाताखालची माती

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. रत्नागिरी

आज रुजू झाले. नेमणुकीच्या कागदावर ‘भूवैज्ञानिक साहाय्यक’ असं छापलंय आणि मी ते सकाळपासून पुन्हा पुन्हा वाचतेय. आईला मुंबईला फोन केला, तर ती विचारते, म्हणजे नक्की कसलं काम? म्हटलं, दगड फोडायचं. तिला ते लगेच पटलं.

खोली भाट्याला मिळाली. मालकीण गुणवंतीकाकू, यजमान ट्रॉलरवर असतात, त्यामुळे घरात त्यांचाच आवाज. आल्या आल्या बांगड्याचं तिखलं आणि भात पुढ्यात ठेवला. भाड्याचं बोलणं जेवण झाल्यावर.

प्रयोगशाळा छोटी आहे पण नीटनेटकी. दगड कापायची करवत, चाळण्या, माती वाळवायची भट्टी, खिडकीशी सूक्ष्मदर्शक. मागच्या शेडमध्ये लांब लाकडी खोके. बोअर मारताना जमिनीतून वर आलेले दगडाचे दांडे त्यांत शेवग्याच्या शेंगांसारखे ओळीने ठेवलेले. प्रत्येकावर किती खोलीवरचा ते लिहिलेलं. मला अशी जागा आवडते.

मुळ्येसरांनी पहिल्याच दिवशी दात वापरायला शिकवलं. मातीची चिमूट पुढच्या दातांत धरायची आणि हलकेच घासायची. कचकचली तर गाळ, लोण्यासारखी सरकली तर चिकणमाती. मग थुंकायची. चाळणी उद्या सांगेल ते दात आत्ता सांगतात, असं त्यांचं म्हणणं. माणूस हसरा आहे. मला स्वतः चहा ओतून दिला.

चहा प्यायले मी. त्यांना माहीत नाही मी कोण ते. निवळखोलच्या टेपवाडीत येऊन, डोंगर पक्का आहे, खुशाल झोपा, असं ज्यांनी लोकांना सांगितलं, ते अजिंक्य मुळ्ये हेच. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात तो पक्का डोंगर गोदाआत्याच्या घरावर आला. आत्या गेली, मी कॉलेजला होते म्हणून वाचले. आईबाबा मुंबईला, म्हणून मी तिच्याकडे वाढले. तिच्या हातचं खाऊन शिकले. ही नोकरी मी पगारासाठी धरलेली नाही. हा माणूस मला जवळून बघायचा होता.

२६ नोव्हेंबर

आठवडाभर फिरती. एका पुलासाठी वशिष्ठीच्या काठाची माती, मग गणपतीपुळ्याच्या वरच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, बोअर. उन्हात जांभा असा तापतो की बुटातून चटका लागतो. तरी मजा येते.

दाताची सवय इतकी लागलीय की हात आपोआप तोंडाकडे जातो. काल गुणवंतीकाकूंच्या तुळशीतली माती चाखली. काकू बघतच राहिल्या. एवढी भूक लागली असेल तर चपाती मागायची, म्हणाल्या.

आज सदूला बोलतं केलं. सदू सरांचा जुना ड्रायव्हर, बोअरच्या मशिनवरही तोच मदत करतो. टेपवाडीचं नाव काढल्यावर सगळं ओकला. सड्यावर चिरेखाण चालली होती, भेगा पडल्या होत्या, लोकांनी ओरड केली, म्हणून खाणवाल्याने सरांना आणलं. एकच बोअर मारला. वरचा जांभा संपला आणि खालून पांढरी ओली माती आली, दगडाचं नाव नाही. सदू म्हणाला ते शब्द मी तसेच लिहून ठेवते.

“सरांनी चिमूट चावून बघितलानी, थुकलानी. नि मला म्हणाले, कातळ लागला म्हणून सांग.”

म्हणजे चूक नव्हती. दातांनी त्याला खरं सांगितलं होतं. तेव्हापासून माझ्या अंगाची लाही लाही होतेय. यापुढे या वहीत मी त्याला अहो-जाहो करणार नाही.

२ डिसेंबर, देवदिवाळी

निवळखोलला जाऊन आले. सोमजाईच्या देवळात गाव जमलं होतं. भिवाकाका गुरव एकेकाचं गाऱ्हाणं घालत होते. कुणाचा मुलगा नोकरीला लागू दे, कुणाची गाय सापडू दे, आणि लोक मागून होय महाराजा म्हणत होते. मी नारळ ठेवला. काकांनी नाव विचारलं, कुणाविरुद्ध?

नाव घेतलं नाही. चिरेखाणीवरची माणसं खांबाला टेकून उभी होती, बातमी रत्नागिरीला माझ्या आधी पोचली असती. मी म्हटलं, नावाची गरज नाही, देवीला खूण सांगते. आणि स्वतःच्या तोंडाने बोलले.

“ज्यानं टेपवाडीची माती दाताखाली घेतली आणि थुंकली, त्याचं तोंड त्याच मातीनं भरू दे. शेवटपर्यंत.”

काकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग लोक नेहमीच्या सुरात म्हणाले, होय महाराजा.

येताना गाडीत मला भूक लागली होती. दोन वर्षांत पहिल्यांदा अशी कडकडून भूक लागली.

७ डिसेंबर

मुळ्येने आज डबा अर्ध्यात टाकला. भातात खडे आहेत म्हणून बायकोला फोनवर बोलला. मी मुद्दाम त्याच्या डब्यातला भात खाऊन पाहिला. मऊ, स्वच्छ भात.

दुपारभर चूळ भरत होता. मी तांब्या भरून देत होते, आज्ञाधारकपणे.

११ डिसेंबर

दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आला, काही सापडलं नाही. बोलता बोलता थांबतो, जीभ फिरवतो, रुमाल लावतो. रुमाल पिवळट होतो. माणसासमोर हसत नाही आता. मला फार बरं वाटतंय, आणि ते इथे लिहायला मला लाज वाटत नाही.

तो गेल्यावर बेसिनमधला गाळ गोळा केला. धुतला, चाळला, भट्टीत वाळवला, काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पांढरी चिकणमाती, मध्ये जांभ्याचे लोखंडी तांबडे कण. शेडमधल्या टेपवाडीच्या खोक्यातली चिमूट शेजारी ठेवली. एकच.

तेव्हा मात्र अंगावर काटा आला. चिडून बोलणं वेगळं आणि ते काचेखाली दिसणं वेगळं. थोडा वेळ बाहेर उन्हात जाऊन उभी राहिले. मग आत्या आठवली, आणि आत येऊन त्याला चहा दिला. त्याला तो गिळता आला नाही.

१६ डिसेंबर

तो रजेवर. वरून फोन आला की नव्या वसाहतीच्या कामासाठी एका जागेचे नमुने आजच हवेत. सदूने गाडी कुठे वळवली ते फाट्यावर आल्यावर कळलं. निवळखोल.

दरड कोसळल्यानंतर मी वर कधी चढले नव्हते. घर नाही, अंगण नाही, नुसता उघडा उतार, त्यावर गवत. फणसाच्या बुंध्यावरून ओळखलं की आत्याची चूल इथे असणार. काम करून लवकर निघावं म्हणून खड्डा खणायला लागले. माती वर आली, पिशवीत भरली, वर चिठ्ठी लावायची होती, गाळ की चिकणमाती —

चिमूट दातांत धरली. लोण्यासारखी सरकली. थुंकले.

थुंकल्यावर कळलं.

सदू खालून विचारत होता, काय झालं. मी पाण्याची अख्खी बाटली तोंडात ओतली. काही नाही झालं, असं त्याला सांगितलं. मी तिची भाची आहे. देवीला एवढं कळत असेल ना. नक्कीच कळत असेल.

१७ डिसेंबर

गुणवंतीकाकूंनी घावणे केले होते. पहिल्या घासाला कचकच.

काकूंना विचारलं पीठ चाळलं होतं का. त्या रागावल्या. त्यांनी त्यातलाच घावणा खाऊन दाखवला.

१९ डिसेंबर

जिभेखालून येते. पुसली की पुन्हा येते, ओली, गार. पावसात उताराला येतो तो वास. सूक्ष्मदर्शकाखाली धरायची हिंमत नाही. गरजही नाही.

दुपारी काहीतरी टोचलं. बोटाने काढलं. हिरव्या काचेचा तुकडा. बांगडीचा.

आत्या हिरव्याच बांगड्या घालायची. आत्या, मी आहे गं. दर्शना. मी तुझ्यासाठीच केलं ना हे सगळं.

२१ डिसेंबर

भिवाकाकांकडे गेले. रुमालातून बोलले. ते म्हणाले की देवीला माणसं दिसत नाहीत, दिलेला शब्द तेवढा दिसतो. शब्दात मी बसते, म्हणून मी त्यात आले.

मी विनवलं, आता नाव घालते, फक्त त्याचं. काकांनी नकाराची मान हलवली. गाऱ्हाणं मागे घेता येतं, पण ज्याने घातलं त्यानेच देवीसमोर उभं राहून तोंडाने बोलायचं. लिहून दिलं तर? कागद तिला वाचता येत नाही, म्हणाले. आणि मला नको होतं ते शेवटी म्हणाले.

“आर्धा मागं घेता येत नाय, बाय. सोडलंस तर दोघांना सोडलंस.”

२२ डिसेंबर

रात्री ठरवलं. उद्या मागे घ्यायचं. मला मरायचं नाही. मी चोवीस वर्षांची आहे, मला भात खायचाय, गिळायचाय.

आज दाढेखाली शिजलेल्या तांदळाचा दाणा आला. मातीत माखलेला. आत्या जेवायला बसली होती तेव्हा डोंगर आला. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२३ डिसेंबर

देवळात जायच्या आधी सदूला गाडी दवाखान्याकडे घ्यायला लावली. मुळ्येला तिथे दाखल केलंय. एकदाच त्याच्या तोंडून खरं ऐकायचं होतं, मग सोडणार होते.

पलंगाशी परात, पिवळ्या चिखलाची. गाल आत गेलेले. मी सांगितलं, गोदाची भाची. सांगितलं काय केलंय ते. विचारलं, माती लागली होती ना? त्याने मान डोलावली. लगेच. जणू किती वाजले आहेत ते विचारलं होतं.

म्हणाला, आत्याला ओळखतो. त्या दिवशी तिने कोकम सरबत दिलं होतं. तिनेच विचारलं होतं, पोरीला पावसाळ्यात इथे ठेवू ना, काही भीती नाही ना? आणि त्याने, नाही, असं सांगितलं होतं. सरबत पिता पिता.

त्याने ते सांगितलं आणि मला रडू आलं. तोंडावरचा रुमाल खाली आला. त्याने माझे ओठ पाहिले.

आणि हसला. दातांत आमचा डोंगर, आणि हसला.

“मग तुला मागे घ्यावंच लागेल,” म्हणाला.

उशी सारखी केली त्याने. निश्चिंत झाला तो. माझ्या जिवाच्या भीतीवर तो वाचणार, परत लोकांना सांगत फिरणार, खुशाल झोपा.

सदूला सांगितलं, गाडी भाट्याला घे.

२४ डिसेंबर

नाही घेणार मागे. आधी तो जाऊ दे. मग घेईन. तो म्हातारा आहे, मी तरुण. मला जास्त टिकता येईल.

भिवाकाकांना निरोप धाडला, थांबा.

२६ डिसेंबर

फोनवर बोलता येत नाही. सदूला चिठ्ठी लिहून देते, तो दवाखान्यात विचारून येतो. अजून आहे. आज माझ्याबद्दल विचारलं म्हणे त्याने — ती आहे का अजून?

आई आली मुंबईहून. काकूंनी बोलावलं. मला बघून भिंतीला धरून खाली बसली. तिला सगळं लिहून दाखवलं. हात जोडतेय. सोड म्हणतेय. गोदावन्संनी असलं मागितलं नसतं, म्हणतेय.

खरं आहे. आत्याने नसतं मागितलं. मी मागितलंय.

२८

पाणी जात नाही. नाकाने श्वास — त्यातही कचकच —

आई बोटाने काढते. परत भरते. तिचा हात कोपरापर्यंत पिवळा. तिला सांगितलंय दात लावू नकोस, जिभेला लावू नकोस, वास पण घेऊ नकोस —

सदू आला. अजून आहे.

२९

भीती वाटते. खूप. मागे घ्यावं का. जाऊ दे त्याला — जगू दे — मी —

नाही. तो हसला.

३०

सकाळी सदू धावत आला. गेला. पहाटे. तोंड मिटता येत नव्हतं म्हणे, तसंच नेलं.

गेला. आत्या, गेला तो.

आता मोकळी मी. गाडी दारात. भिवाकाका नारळ घेऊन देवळात उभे आहेत. फक्त बोलायचं. देवी, माझं गाऱ्हाणं मी मागे घेते. एवढंच. पाठ केलंय.

आई म्हणते, आधी इथे बोलून बघ. मला नुसती हाक मार. नुसतं आई म्हण. तिने माझी हनुवटी धरलीय. मी तोंड उघडलं आणि —